पिकअपला पुढे जादा पाटा टाकण्याआधी

टोमॅटोचा तोडा सुरू झाला किंवा चाळीतला उन्हाळ कांदा बाहेर निघू लागला, की शेतकऱ्यांच्या प्रश्नांत फवारणी आणि बाजारभावासोबत गाडीही येते. प्रश्न साधारण असा असतो: "ब्रेक मारला की गाडी पुढे बसते, खड्ड्यात ठोकर लागते. गॅरेजवाला म्हणतो पुढच्या सेटमध्ये एकेक पाटा वाढवू, मग दीडपट माल भरा. टाकू का?"

मी कृषी पदवीधर आहे, मेकॅनिक नाही. पण माल काढणीनंतर बाजारात पोचेपर्यंत किती खराब होतो, हे पाहणे माझ्या कामाचा भाग आहे आणि तो हिशेब गाडीच्या पाट्यांपर्यंत जातो. उत्तर आधीच सांगतो. पुढचे पाटे दमले असतील तर ते जरूर बदला. दीडपट माल भरता यावा म्हणून पाटा वाढवू नका. त्यामुळे गाडी पुढे बसायची थांबते, पण तिच्यावर येणारा भार एक किलोनेही कमी होत नाही.

पुढच्या चाकांवर माल किती येतो?

बहुतेकांच्या अंदाजापेक्षा खूप कमी. एक उदाहरण घेऊ. रिकाम्या पिकअपचे वजन १७०० किलो आहे. त्यातले ९५० पुढच्या आणि ७५० मागच्या चाकांवर आहे. पुढच्या आणि मागच्या ॲक्सलमधले अंतर ३ मीटर आहे. हौद्यात टोमॅटोचे ५० क्रेट आहेत, क्रेटसकट प्रत्येकी २२ किलो, म्हणजे ११०० किलो. या मालाचा मध्य मागच्या ॲक्सलच्या ३० सेंटीमीटर पुढे येतो असे धरू.

आता तरफेचा नियम लावा. ३० सेंटीमीटर म्हणजे ३ मीटरचा दहावा भाग. म्हणून मालाचा दहावा भाग, म्हणजे ११० किलो, पुढे जातो. उरलेले ९९० किलो मागे पडतात. पुढच्या चाकांवर झाले १०६० आणि मागच्या चाकांवर १७४०.

क्रेट दुप्पट केले, १०० भरले, तर पुढचे वजन ११७० होते आणि मागचे २७३०. उभ्या गाडीत पुढे फक्त ११० किलोची भर पडली, मागे मात्र जवळजवळ एक टनाची. म्हणजे पुढचा पाटा कुरकुरतो तेव्हा मागची बाजू बरीच आधी हद्दीबाहेर गेलेली असू शकते.

उलटही घडते. फाळका उघडा ठेवून, दोरी बांधून, मागे लटकते क्रेट लावायची पद्धत आहे. मागच्या ॲक्सलच्या एक मीटर मागे २०० किलो ठेवले, तर पुढच्या चाकांवरचे सुमारे ६५ किलो उचलले जातात. स्टिअरिंग हलके लागते, वळणावर गाडी सरळ जाऊ पाहते. अशा वेळी पुढे पाटे वाढवून काहीच साधत नाही. माल पुढे सरकवा.

मग गाडी पुढे का बसते?

ब्रेकमुळे. ब्रेक लावला की वजन मागून पुढे सरकते. किती सरकेल हे तीन गोष्टींवर ठरते: एकूण वजन, त्या वजनाचा मध्य जमिनीपासून किती उंच आहे आणि दोन ॲक्सलमधले अंतर. ५० क्रेटच्या गाडीत एकूण वजन २८०० किलो. मध्य एक मीटर उंचीवर धरला आणि ब्रेक बऱ्यापैकी जोराचा असला, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याइतका, तर सुमारे ४६५ किलो पुढे येतात. पुढच्या चाकांवर क्षणभर १५२५ होतात.

१०० क्रेटच्या गाडीत एकूण वजन ३९०० होते. थप्पी उंच असल्याने मध्य १.२ मीटरवर जातो. आता ७८० किलो पुढे सरकतात आणि पुढच्या चाकांवर १९५० किलो येतात. उभ्या गाडीत ११० चाच फरक होता, ब्रेकमध्ये तो सव्वाचारशेवर गेला.

या हिशेबात पाट्याचा कडकपणा कुठेच आला नाही. पाटा मऊ असो की कडक, ब्रेकमध्ये पुढे येणारे वजन जवळपास तेवढेच. कडक पाटा एवढेच करतो की त्या वजनाखाली गाडीचे नाक कमी खाली जाते. चालकाला गाडी 'मजबूत' झाल्यासारखी वाटते. ७८० किलोचा धक्का मात्र किंग पिन, हब बेअरिंग, टाय रॉड, टायर आणि ब्रेकवर पूर्वीसारखाच येत राहतो. गाडी बसते हे दिसते, म्हणून माणूस वेग आवरतो. ते दिसेनासे झाले की तोही आवर जातो. मला यातली सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याची.

पाटा वाढवला म्हणजे काय वाढले?

सारख्या जाडीच्या पाच पाट्यांच्या सेटमध्ये सहावा घातला तर कडकपणा साधारण २० टक्के वाढतो. जाडीचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा असतो, कारण कडकपणा जाडीच्या घनात वाढतो. सगळे पाटे ८ मिलिमीटरऐवजी १० मिलिमीटरचे घातले तर सेट जवळपास दुप्पट कडक होतो. म्हणून 'थोडा जाड पाटा' ही थोडी गोष्ट नसते.

गाडीची क्षमता साखळीसारखी असते, सगळ्यात कच्च्या कडीइतकी. टायरची कडी तुम्ही स्वतः तपासू शकता. टायरच्या बाजूवर मापाच्या पुढे एक आकडा असतो. १०० असेल तर एका टायरची क्षमता ८०० किलो, १०५ असेल तर ९२५ आणि ११० असेल तर १०६०. पाटा बदलल्याने हा आकडा बदलत नाही.

आता मागच्या पाट्यांची एक गोष्ट, कारण तिचा त्रास पुढे होतो. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलजवळ चेसिसला ब्रेकचा एक व्हॉल्व असतो आणि त्याची दांडी ॲक्सलला जोडलेली असते. माल भरला, चेसिस खाली बसली, की या व्हॉल्वला गाडी भरल्याचे कळते आणि तो मागच्या ब्रेकना जास्त दाब सोडतो. रिकाम्या गाडीत तो दाब कमी ठेवतो, म्हणजे मागची चाके जाम होऊन घसरत नाहीत. मागे दोन पाटे वाढवले की चेसिस भरल्या गाडीतही वरच राहते. व्हॉल्व समजतो गाडी रिकामी आहे. मागचे ब्रेक कमी लागतात आणि गाडी थांबवायचे काम पुढच्या ब्रेकवर पडते. मग पुढचे लायनर किंवा पॅड लवकर झिजतात, ड्रम किंवा डिस्क तापतात, घाटात ब्रेक कमी लागू लागतात. मागे पाटे वाढवल्यावर पुढची तक्रार सुरू झाली असेल, तर आधी हा व्हॉल्व आणि त्याच्या दांडीची सेटिंग जाणकाराकडून पाहून घ्या.

मालाचे काय होते?

वजनाखाली पाटा १० सेंटीमीटर दबत असेल तर गाडी सेकंदाला साधारण १.६ वेळा डुलते. तो ४ सेंटीमीटरच दबला तर अडीच वेळा. आकडे लहान दिसतात, पण मऊ डुलणे आणि हादरे यातला फरक हाच. थप्पीतल्या खालच्या क्रेटमधले टोमॅटो वरच्या वजनाने दबतात, हे सगळ्यांना दिसते. वरच्या थरातले टोमॅटो मोकळे असल्याने उडतात आणि एकमेकांवर, क्रेटच्या जाळीवर घासतात. ते लगेच दिसत नाही. दुसऱ्या दिवशी व्यापाऱ्याच्या गाळ्यावर सालीवर डाग आणि मऊ जागा दिसतात आणि दर पडतो. द्राक्षात याच हादऱ्यांनी मणी गळतात, कांद्याची पत्ती सुटते. सर्वाधिक हादरे मागच्या ॲक्सलवर आणि त्याच्या मागे बसतात. त्यामुळे लाल झालेला माल केबिनकडे आणि कडक, कच्चा माल मागे ठेवा. टायरमध्ये 'लोड आहे म्हणून' कंपनीने सांगितल्यापेक्षा जास्त हवा भरणे म्हणजे हादऱ्यांत आणखी भर.

रिकामी गाडी परत येतानाही विचार करा. कडक पाट्यांची रिकामी पिकअप खराब रस्त्यावर उडते आणि चाक रस्ता सोडते. ज्या क्षणी चाक जमिनीला टेकलेले नसते, त्या क्षणी त्याला स्टिअरिंगही नसते आणि ब्रेकही.

आधी काट्यावर जा

बाजार समितीत किंवा जवळपास वजनकाटा असतोच. नेहमीसारखी भरलेली गाडी आधी पूर्ण तोला. मग फक्त पुढची चाके काट्यावर ठेवून, मागची बाहेर सपाट जागेवर ठेवून तोला. पूर्ण वजनातून पुढचे वजा केले की मागचे मिळते. हे आकडे आरसीवरच्या एकूण वजनाशी आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलच्या वजनाशी ताडून पाहा. दोन पावत्यांचा खर्च एका पाट्यापेक्षा कितीतरी कमी आहे.

पुढचे वजन मर्यादेत आहे आणि तरी गाडी पुढे ठोकते, असे निघाले तर पाटे दमले आहेत किंवा शॉकअप गेले आहेत. रिकामी गाडी सपाट जागी उभी करून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतची उंची दोन्ही बाजूंनी मोजा. एक-दीड सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर एक बाजू बसली आहे. पाट्यांमध्ये चीर, सरकलेला सेंटर बोल्ट, खाल्लेले बुश, शॉकअपवर तेलाचा ओघळ हेही पाहा. अशा गाडीचे पुढचे काम करायलाच हवे.

काम करायचे तर कसे?

पुढे पाटेच असतील असे नाही. काही गाड्यांना कॉइल स्प्रिंग किंवा टॉर्शन बार असतो. टॉर्शन बारचा बोल्ट आवळून गाडी उचलली की कडकपणा वाढला असे वाटते. प्रत्यक्षात फक्त उंची वाढते आणि चाकांचा कोन बिघडतो.

पाटे असतील तर दोन्ही बाजूंचे पूर्ण सेट एकत्र बदला, तुमच्या मॉडेलसाठी कंपनीने दिलेल्या पार्ट नंबरचेच. त्याच मॉडेलच्या जास्त वजनाच्या गाडीचा सेट कंपनी तुमच्या गाडीला मान्य करते का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. पाटे मध्ये जाड, टोकांना पातळ आणि एकमेकांत फट ठेवून बसवलेले असतील, तर त्यात साधा सपाट पाटा घुसवू नका. तो एका जागी टेकतो आणि मूळ पाटा तिथेच तुटतो. बसलेल्या पाट्याला गॅसने तापवून पुन्हा कमान देण्याचे काम स्वस्त पडते, पण पोलादाचा टेंपर जातो. असा पाटा काही दिवसांत परत बसतो किंवा एकदम तुटतो. पाट्याला वेल्डिंग तर नकोच.

नव्या पाट्यांबरोबर बुश, पिन आणि शॉकअप बदला. नव्या पाट्यावर जुना शॉकअप असला की गाडी खड्ड्यानंतर डुलत राहते. पुढची उंची बदलली की स्टिअरिंगच्या दांड्यांचे कोन बदलतात, म्हणून अलाइनमेंट करा आणि हेडलाइटचा झोतही बघा.

कायद्याचे थोडक्यात. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत. कलम १८२-अ नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते. कलम १९४ प्रमाणे जादा मालासाठी २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २००० रुपये दंड आहे, शिवाय जादा माल तिथेच उतरवावा लागतो. भर उन्हात रस्त्याकडेला उतरवलेल्या टोमॅटोचा हिशेब वेगळा. २०१८ मध्ये केंद्राने ॲक्सलची मर्यादा वाढवली, उदाहरणार्थ दोन टायरच्या ॲक्सलला ६ वरून ७ टन. पण तो आकडा मोठ्या ट्रकचा आहे. तुमच्या पिकअपला तुमच्या आरसीवरचा आकडा लागू होतो.

हंगामात दोन फेऱ्या करायच्या की एकीत सगळे कोंबायचे, हा निर्णय काट्याच्या पावत्या समोर ठेवून घ्या. दुसऱ्या फेरीचे डिझेल आणि चालकाची हजेरी एका बाजूला लिहा. दुसऱ्या बाजूला टायर, लायनर आणि डागी मालाची तूट लिहा. टोमॅटोचा दर चढा असेल त्या आठवड्यात डागी मालाचा आकडाच मोठा निघेल.

पाटे बदलल्यावर यू-बोल्ट नवेच घाला, जुने ताणलेले असतात. पहिल्या दोन-तीन भरल्या फेऱ्यांनंतर, साधारण ३०० किलोमीटरच्या आत, ते टॉर्क पान्याने पुन्हा आवळून घ्या. नवे पाटे एकमेकांवर बसले की बोल्ट ढिले होतात. ढिल्या बोल्टवर सेंटर बोल्ट तुटला तर ॲक्सल जागेवरून सरकतो.