विस्तवात उड्या मारणारा दगड

हैदराबादमधल्या विद्यानगराला लागूनच उस्मानिया विद्यापीठ आहे आणि तिथे आर्ट्‌स कॉलेजची ती भलीमोठी गुलाबी इमारत. इमारत 1939 सालची, पण तिच्यातला इथला ग्रॅनाइट मात्र सुमारे 250 कोटी वर्षांचा!

आपण रस्त्याकडेला पडलेली ग्रॅनाइटची एखादी कपची घेऊ. (इमारत खरवडायला गेलात, तर रखवालदार तुमचीच तपासणी करेल.) गुलाबी दिसतं ते फेल्डस्पार, राखाडी ते क्वार्ट्‌झ. आणि उन्हात लुकलुकणारे काळे ठिपके? सुईच्या टोकाने हलकेच उचकटून बघा. पापुद्रा सुटला, तर तो काळा अभ्रक. आयुर्वेदातलं मोठं मानाचं खनिज!

पण वैद्यांना कुठलाही अभ्रक चालत नाही. ‘रसरत्नसमुच्चय’ या जुन्या संस्कृत ग्रंथात त्याचे चार प्रकार सांगितलेत: पिनाक, नाग, मंडूक आणि वज्र. ओळखायचे कसे? टाका विस्तवात! पिनाकाचे पापुद्रे सुटे होतात. नाग फुस्स करतो. मंडूक म्हणजे बेडूक, तो टुणकन उडतो. आणि वज्र? ढिम्म! औषधासाठी निवडायचा तो हाच. इतकी गमतीची परीक्षा मी तरी दुसरी ऐकलेली नाही. नापास झालेला विद्यार्थी चक्क उडी मारतो!

तुम्ही मात्र हे घरी गॅसवर करू नका. तापलेली कपची उडून थेट डोळ्यात जायची. आणि दगड चाखून बघायचा तर विचारही नको.

आता चीनमध्ये जाऊ. तिथल्या वैद्यकात जिनमंगशी नावाचा सोनेरी झाक असलेला अभ्रकी दगड वापरतात. चीनच्या सरकारी औषधग्रंथात त्याची खूण दिली आहे: तुकडा लोखंडी पत्र्यावर तापवा. तो थराथराने फुगतो, काही पापुद्रे अळीसारखे वळतात आणि दगड इतका हलका होतो, की पाण्यावर तरंगतो! म्हणजे बघा, आपल्याकडे फुलला तो बाद, तिकडे फुलला तोच पास.

फुलतो कशामुळे? अभ्रक म्हणजे थरांवर थर. एक थर साधारण 1 नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे 1 मिलिमीटरच्या तुकड्यात 10 लाख थर! वर्षानुवर्षं ऊनपाऊस खाल्लेल्या काळ्या अभ्रकात, त्या थरांच्या मधे, पाणी शिरून बसतं. ते एकदम तापलं की त्याची वाफ होते. वाफेला जागा हवी, मग ती थरांना रेटते. असं पाणी नसलेला अभ्रक विस्तवातही शांत.

आजच्या प्रयोगशाळेत विस्तव लागत नाही. अभ्रकाच्या चूर्णावर क्ष-किरण सोडतात. ते कुठल्या कोनात परततात, त्यावरून दर थराला किती जागा लागते ते कळतं. कोरड्या अभ्रकात सुमारे 1 नॅनोमीटर, पाणी शिरलेल्यात सुमारे 1.4. तेवढ्या फरकावर बेडूक पकडला जातो, उडी मारायच्या आधीच!