मधुमेह खरा, पण कोणता?

आमच्या थोरल्या वहिनींना बेचाळिसाव्या वर्षीं मधुमेह असल्याचें कळलें, तेव्हां घरांत कोणाला फारसें नवल वाटलें नाहीं. आमच्याकडे हा पाहुणा तीन पिढ्या मुक्कामाला आहे. आतां सुनेलाहि त्यानें गांठलें, इतकेंच. डॉक्टरांनीं गोळ्या दिल्या, आईनें साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेविला आणि प्रत्येकानें आपापले अनुभव सांगून वहिनींना शहाणें करून सोडलें. वर्ष गेलें. एका गोळीच्या दोन झाल्या, दोनांच्या तीन. साखर मात्र उतरेना. वजन नऊ किलोंनीं घटलें, रात्रीं तीन-तीनदां उठावें लागे, जिन्याच्या मधल्या पायरीवर त्या थांबूं लागल्या. मग कुजबूज सुरू झाली. "चोरून कांहीं खात असेल," असें प्रथम कोण म्हणालें तें आठवत नाहीं. पण मीं तें खोडून काढलें नाहीं, एवढें मला पक्कें आठवतें. दिवाळींत लाडवांचा डबा कपाटांत गेला व किल्ली आईच्या कमरेला. वहिनी कांहींच बोलल्या नाहींत.

पुढें एका तरुण डॉक्टरीणबाईंनीं रक्ताच्या दोन निराळ्या तपासण्या करविल्या. पथ्यांत कांहीं चुकत नव्हतें. रोगाचा प्रकार ओळखण्यांतच चूक झाली होती.

मधुमेहाचे मुख्य प्रकार दोन, हें वाचकांस ठाऊक असेलच. दुसऱ्या प्रकारांत स्वादुपिंड इन्शुलिन तयार करीत असतें, पण शरीर त्याला पुरेशी दाद देत नाहीं; पुढें पुढें तें उत्पादनहि रोडावतें. पहिल्या प्रकारांत शरीराची संरक्षक शक्तिच उलटते आणि इन्शुलिन निर्माण करणाऱ्या पेशींचा नाश करिते. हा पहिला प्रकार मुलांचा, आणि दुसरा मोठ्या माणसांचा, अशी समजूत कित्येक वर्षें चालत आली. ती खरी नाहीं. ब्रिटनमधील पावणेचार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून २०१८ सालीं एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत आनुवंशिक खुणांवरून ओळखलेल्या व साठ वर्षांपर्यंत उद्भवलेल्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहापैकीं ४२ टक्के तिशीनंतरचा निघाला. मात्र तिशीनंतर दुसऱ्या प्रकाराचे रोगी इतके असतात कीं, त्या गर्दींत पहिल्याचे केवळ ४ टक्के भरले. गर्दींत हरवलेलें माणूस शोधावयाचें तर तें हरवलें आहे हें आधीं ध्यानांत यावें लागतें.

थेरेसा मे ब्रिटनच्या गृहमंत्री असतांना, २०१२ सालीं, वयाच्या ५६ व्या वर्षीं त्यांच्या बाबतींत हेंच घडलें. प्रथम दुसरा प्रकार ठरवून त्यांना गोळ्या देण्यांत आल्या. त्या लागू पडेनात. पुन्हां तपासण्या झाल्या, तेव्हां पहिला प्रकार निघाला. इन्शुलिन टोचून घेतच त्या २०१६ मध्यें पंतप्रधान झाल्या.

प्रौढ वयांत पेशींचा हा नाश पुष्कळदां संथपणें चालतो, आणि फसगत होते ती येथेंच. प्रारंभीं कांहीं महिने, क्वचित् कांहीं वर्षें, गोळ्यांनीं भागतें. म्हणून निदान बरोबर होतें असें वाटत राहतें. या संथ प्रकाराला १९९३ पासून एक इंग्रजी नांव मिळालें असून त्याच्या आद्याक्षरांवरून त्यास 'लाडा' म्हणतात. नांव तेवढें लाडाचें.

सुश्रुतसंहितेंत प्रमेहाचे दोन भेद सांगितले आहेत: एक सहज, म्हणजे बीजदोषानें येणारा, व दुसरा अपथ्यानें होणारा. पहिल्याचा रोगी कृश, थोडें खाणारा, सदा तहानलेला. दुसऱ्याचा स्थूल, पुष्कळ खाणारा, बसून-निजून राहणारा. हे भेद आजच्या प्रकारांशीं तंतोतंत जुळतात असें म्हणणें धाडसाचें होईल. पण कृश तो एक आणि स्थूल तो दुसरा, हें चित्र आमच्या मनांत अजून आहे, आणि आपल्या देशांत तें नेमकें चकवितें. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनीं २००४ सालीं 'लॅन्सेट'मध्यें आपलें जोडछायाचित्र छापलें होतें. उंचीच्या मानानें वजनाचा निर्देशांक दोघांचाहि २२.३, पण चरबीचें प्रमाण युडकिनांचें ९.१ टक्के, याज्ञिकांचें २१.२! म्हणजे किडकिडीत दिसणाऱ्या भारतीयालाहि दुसरा प्रकार सहज होतो. तेव्हां नुसत्या अंगकाठीवरून कोणताच निवाडा देतां येत नाहीं.

निवाडा होतो रक्तावरून. एक तपासणी 'गॅड' या द्रव्याविरुद्ध शरीरानें निर्माण केलेल्या प्रतिद्रव्यांची. तीं सांपडलीं तर संरक्षक शक्ति उलटल्याची ती खूण समजतात. न सांपडलीं म्हणून मात्र शंका सर्वस्वीं फिटत नाहीं. दुसरी तपासणी सी-पेप्टाइडची. स्वादुपिंडांत एकाच मोठ्या रेणूचे तुकडे होऊन इन्शुलिन व सी-पेप्टाइड सारख्याच संख्येनें निघतात. टोचावयाच्या इन्शुलिनांत सी-पेप्टाइड नसतें. त्यामुळें विकतचें वगळून घरचें किती पिकतें, तें यावरून कळतें. आरंभीं हा आंकडा ठीकहि येतो, म्हणून तो त्याच वेळच्या साखरेशीं ताडून पाहावा लागतो व पुढें पुन्हां तपासावा लागतो.

प्रत्येक मधुमेह्यानें या तपासण्यांसाठीं धांव घ्यावी असें नव्हे. बहुसंख्य प्रौढांचा मधुमेह दुसऱ्या प्रकारचाच असतो. परंतु पथ्य पाळूनहि वजन घटत असेल, गोळ्या वाढवूनहि साखर हटत नसेल, किंवा स्वतःला अगर घरांत कोणाला थायरॉइडचा स्वप्रतिकारक विकार असेल, तर डॉक्टरांना स्पष्ट विचारावें. स्वादुपिंडांतील खड्यांमुळें होणारा मधुमेह आणखी निराळा. स्त्रियांच्या बाबतींत एक गोष्ट विशेष सांगावीशी वाटते: तीन महिन्यांची सरासरी दाखविणारी तपासणी रक्तांतील लोह कमी असल्यास खरीपेक्षां अधिक आंकडा दाखवूं शकते.

चुकीच्या नांवाची किंमत केवळ अशक्तपणाची नसते. इन्शुलिन अगदींच आटलें कीं रक्तांत आम्ल पदार्थ सांचतात; उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास सुरू होतो, आणि मग रुग्णालय गांठण्यास तासांचाहि विलंब परवडत नाहीं. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या चालू असतील तर साखरेचा आंकडा फारसा न चढतांहि हा प्रसंग ओढवतो.

वहिनींना इन्शुलिन सुरू होऊन आतां दोन वर्षें झालीं. गेलेलें वजन बहुतेक भरून आलें. कपाटाची किल्ली आईनें त्यांना परत दिली ती एक शब्द न बोलतां, ओट्यावर ठेवून. जेवणांत भात किती, पोळ्या किती, हें पाहून त्या मात्रा ठरवितात. दिवाळींत अर्धा लाडू घेतात तोहि हिशेबांत धरून. किती घेतलें हें त्यांना कोणी विचारीत नाहीं. मींहि एकदां क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "मलासुद्धां वाटायचं, झोपेंत उठून खाते कीं काय."