देण्यासाठी सांभाळायचं

फेब्रुवारी-मार्चमध्ये आदिलाबाद जिल्ह्यात कापसाची शेवटची वेचणी उरकते आणि पऱ्हाटी उपटायला सुरुवात होते. बेला, जैनद, तामसी, भीमपूरच्या शिवारात बांधाबांधावर पऱ्हाटीचे ढीग लागतात. याच सुमाराला मांजरींच्या विणीचा हंगामही सुरू होतो. दिवस मोठे होऊ लागले की भाटी माजावर येते आणि 63 ते 65 दिवसांनी विते. विण्यासाठी तिला आडोसा हवा असतो. मग ती पऱ्हाटीचा ढीग, कडब्याची गंजी, गोठ्याचा माळा किंवा बंद दुकानाचा कोपरा शोधते. ढीग हलवला की खाली तीन-चार पिल्लं वळवळताना दिसतात. कुणीतरी ती खोक्यात घालून घरी आणतं आणि तिथून खरा प्रश्न सुरू होतो. आता यांचं करायचं काय?

मोठ्या शहरात अशा वेळी कुठल्या तरी संस्थेचं दार ठोठावता येतं. हैदराबादेत 1992 पासून ब्लू क्रॉस काम करते. मुंबईची प्राणी-क्रूरता प्रतिबंधक संस्था तर 1874 सालची. पण आदिलाबादहून हैदराबाद तीनशे किलोमीटर आणि नागपूर दोनशेच्या आसपास. दीडशे ग्रॅमच्या पिल्लाला तेवढा प्रवास झेपत नाही. आणि पोचलं तरी गजबजलेला निवारा ही इतक्या लहान जिवासाठी चांगली जागा नव्हेच. पिंजऱ्याला पिंजरा लागून असला की संसर्ग झपाट्याने पसरतो, आणि दर दोन तासांनी दूध पाजायला तिथे माणसं पुरत नाहीत. म्हणूनच मुंबई-पुण्यातल्या संस्थाही लहान पिल्लं स्वयंसेवकांच्या घरी ठेवतात. याला ‘फोस्टर करणं’ म्हणतात. पिल्लू आपल्या घरी वाढवायचं, त्याची तब्येत सुधारायची, माणसांची सवय लावायची आणि कायमचं घर मिळालं की तिकडे पाठवायचं. लहान गावात तर हाच सर्वांत शहाणपणाचा मार्ग आहे. त्यासाठी इमारत लागत नाही. एक बंद होणारी खोली आणि दोन महिने पुरेल एवढी चिकाटी असली की भागतं.

आधी थांबा

मात्र पिल्लू दिसलं की लगेच उचलायचं नाही. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आपल्याकडे म्हणतात, आणि त्यामागे निरीक्षण आहे. जागा असुरक्षित वाटली, वर्दळ वाढली, की भाटी एकेक पिल्लू मानेला धरून हलवते. एक पिल्लू नेऊन दुसऱ्यासाठी परत यायला तिला वेळ लागतो. ती शिकारीलाही काही तास बाहेर असते. पिल्लं गुबगुबीत, स्वच्छ आणि शांत झोपलेली असतील तर आई जवळपासच आहे असं समजावं. लांब जाऊन काही तास लक्ष ठेवावं. माणसाचा हात लागला म्हणून ती पिल्लं टाकत नाही. पिल्लं गार पडली असतील, सतत ओरडत असतील, अंगावर मुंग्या चढल्या असतील किंवा आई मेल्याचं कळलं असेल, तरच हात घालावा. आईचं दूध आणि आईची ऊब यांना पर्याय नाही. माणूस फार तर त्यांची नक्कल करतो.

शेतात सापडलेल्या पिल्लांबाबत आणखी एक सावधगिरी हवी. पैनगंगेच्या पलीकडे टिपेश्वरचं अभयारण्य, दक्षिणेला कव्वालचं व्याघ्र राखीव क्षेत्र, अशा या पट्ट्यात सापडलेलं पिल्लू घरच्या मांजराचंच असेल असं नाही. रानमांजराच्या पिल्लांच्या अंगावरही पट्टे असतात. लांब पाय, कानाच्या टोकाला केसांचा बारीक झुबका आणि आखूड शेपटीवर काळी वळी अशा त्याच्या खुणा. वाघाटी तर जगातल्या सर्वांत लहान मार्जारांपैकी एक. तिच्या करड्या अंगावर तांबूस ठिपके असतात. या दोघांनाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. त्यांची पिल्लं घरी पाळणं गुन्हा आहे, आणि त्यांच्यावर अन्यायही. शंका आली तर ढीग होता तसा ठेवावा, त्या दिवसापुरतं काम बाजूला सरकवावं आणि वन विभागाला कळवावं. पुणे जिल्ह्यात जुन्नर भागात ऊसतोडीच्या वेळी अशी पिल्लं वारंवार सापडतात. तिथे वन विभाग आणि वाइल्डलाइफ एसओएस ही संस्था पिल्लं संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, कॅमेरा लावतात आणि दूर होतात. रात्री आई येते आणि घेऊन जाते. जे उसात जमतं ते पऱ्हाटीतही जमेल.

आधी ऊब, मग दूध

पिल्लं खरोखर पोरकी असतील तर पहिलं काम दूध पाजण्याचं नाही, अंग गरम करण्याचं. तीन-चार आठवड्यांपर्यंत पिल्लाला स्वतःची ऊब राखता येत नाही. आदिलाबादेत थंडीत पारा कधी कधी 5 अंशांच्या आसपास उतरतो. अशा रात्री उघडं खोकं म्हणजे मृत्यूच. गरम पाण्याची बाटली पंच्यात गुंडाळून खोक्याच्या एकाच बाजूला ठेवावी, म्हणजे उकडलं तर पिल्लू दुसऱ्या बाजूला सरकू शकतं. गार पडलेल्या पिल्लाला दूध पाजलं तर ते पचत नाही, उलट जिवावर बेततं.

दूधही गायीम्हशीचं नको. त्यातल्या साखरेने हगवण लागते, आणि एवढ्याशा जिवाला दिवसभराची हगवण पुरेशी असते. मांजराच्या पिल्लांसाठीची दुधाची पावडर पशुवैद्यांकडून किंवा ऑनलाइन मागवता येते. ती येईपर्यंत शेळीचं दूध एखाद-दोन दिवस चालवून न्यावं. पिल्लाला बाळासारखं उताणं धरून पाजू नये. ते पोटावर असावं, मान किंचित वर, पुढचे पाय पंच्यावर रोवलेले. बाटलीचं निपल तोंडाला लागलं की ते आधी मान झटकतं, मग एकदम पकड घेतं. कान दर घोटाला मागेपुढे हलू लागतात आणि पंजे कणीक मळल्यासारखे चालतात. कान हलतायत म्हणजे दूध पोटात जातंय. नाकातून बुडबुडा आला तर लगेच थांबावं, कारण दूध फुप्फुसात गेलं तर न्यूमोनिया होतो. 100 ग्रॅमच्या पिल्लाच्या पोटात एका वेळी साधारण 4 मिलिलिटर मावतं, म्हणून पहिला आठवडाभर रात्रीसुद्धा दर दोन तासांनी उठावं लागतं. पाजून झालं की कोमट ओल्या कापसाने शेपटीखाली हळूच पुसायचं. तीन आठवड्यांपर्यंत पिल्लाला आपणहून शी-शू करता येत नाही. आई चाटून करवते, ते काम आपल्याकडे येतं.

सगळ्यांत उपयोगी वस्तू म्हणजे स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहावं. दिवसाला 10 ते 15 ग्रॅम वाढ हवी. वजन थांबलं किंवा घटलं की पिल्लू वरवर खेळत असलं तरी डॉक्टरकडे न्यावं. आजार आधी काट्यावर दिसतो, डोळ्यांना नंतर.

घरातली औषधं, घरातली माणसं

पिल्लाला ताप वाटला म्हणून पॅरासिटामॉलचा तुकडा दिला तर ते मरतं. मांजराच्या यकृताला हे औषध मोडता येत नाही. कुत्र्यांसाठीच्या पिसवांच्या औषधातलं परमेथ्रिनही मांजराला विषच. फिनाइलने फरशी पुसायची सवय त्या खोलीपुरती बंद ठेवावी, कारण मांजर पंजे चाटतं. पॅनल्युकोपेनिया या पिल्लं मारणाऱ्या रोगाचा विषाणू खोलीत वर्षभर टिकू शकतो. साध्या साबणाने तो जात नाही. 1 भाग ब्लीच आणि 32 भाग पाणी यांनी पुसून फरशी पुरती वाळवावी, आणि मगच पिल्लांना आत सोडावं. घरात आधीचं मांजर असेल तर नव्यांना निदान दोन आठवडे वेगळ्या खोलीत ठेवावं.

जंताचं औषध दोन-तीन आठवड्यांपासून पशुवैद्यांच्या सल्ल्याने सुरू होतं. सहा ते आठ आठवड्यांना पहिली लस आणि पुढे सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी डोस. रेबीजची लस बारा आठवड्यांनंतर. माणसांनीही काळजी घ्यावी. चावलं किंवा ओरखडलं तर साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवावं आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. घरात गरोदर बाई असेल तर शीचं भांडं दुसऱ्याने साफ करावं.

चौथ्या आठवड्यापासून मऊ घन अन्न. दूधपोळी आणि दूधभातावर मांजर तग धरतं, पण धडधाकट होत नाही. त्याला मांसच लागतं. त्यातलं टॉरिन मिळालं नाही तर दृष्टी आणि हृदय दोन्ही जातात. शाकाहारी घरात तयार खाद्य ठेवावं, म्हणजे चुलीवर मांस शिजवायचा प्रश्न येत नाही.

देणं हेच काम

दुसऱ्या ते सातव्या आठवड्यात पिल्लाची माणसाशी ओळख पक्की होते. या दिवसांत रोज हातात घेणं, वेगवेगळ्या माणसांचे आवाज ऐकवणं, मिक्सर आणि टीव्ही यांची सवय लावणं याला दुधाइतकंच महत्त्व आहे. भेदरलेलं मांजर कुणी नेत नाही, आणि नेलं तर परत आणतं.

आठ आठवड्यांआधी पिल्लू देऊ नये. दोन भावंडं एकत्र गेली तर उत्तम. नेणाऱ्यांशी सविस्तर बोलावं. घरातल्या सगळ्यांना हवंय ना, घरमालकाची हरकत नाही ना, गच्ची किंवा बाल्कनी उघडी नाही ना, बाहेरगावी गेल्यावर कोण बघणार. मुंबईत ‘वर्ल्ड फॉर ऑल’सारख्या संस्था ‘अडॉप्टॅथॉन’ भरवून अशी घरं जुळवतात. आपल्याकडे ओळखीपाळखीवर भागतं. तूर-ज्वारीच्या कोठाराला उंदरांसाठी मांजर हवं म्हणणारा शेतकरीही वाईट पालक नसतो. अट एवढीच की त्याने रोज खायला घालावं आणि कोठारात उंदरांचं विष ठेवू नये. पोट भरलेलं मांजरही शिकार करतं, आणि विष खाल्लेला उंदीर मांजराचाही जीव घेऊ शकतो. लसीकरणाचं कार्ड सोबत द्यावं, चार महिन्यांनंतर नसबंदी करण्याचा शब्द घ्यावा, आणि पुढचे काही आठवडे विचारपूस करावी.

जीव लागतो, हे खरं. पण प्रत्येक हंगामातलं एकेक पिल्लू ठेवून घेतलं तर दोन-तीन वर्षांत घर भरतं आणि फोस्टरचं दार बंद होतं. पिल्लू दिलं की जागा मोकळी होते, आणि पुढच्या खोक्यातल्या जिवाला ‘हो’ म्हणता येतं. पाठवतानाचं दुःख हे काम नीट झाल्याचीच खूण आहे.

याहून मोठं काम मात्र त्या भाटीचं. दूध पाजत असतानाच ती पुन्हा गाभण राहू शकते आणि वर्षात दोन-तीनदा विते. पिल्लांचं दूध तुटलं की तिला पकडून पशुवैद्यांकडे न्यावं, नसबंदी करून, कानाच्या टोकाला खूण करून पुन्हा तिच्या जागी सोडावं. गावातल्या चार-पाच घरांनी आपसांत वाटून घेतलं तर हे अवघड नाही. एक घर दूध पाजणारं, एक मोठी पिल्लं सांभाळणारं, एक गाडी असलेलं, एक माणसं जोडणारं. पिल्लं वाचवायची आणि आईला तशीच सोडायची, म्हणजे पुढच्या पऱ्हाटीखाली पुन्हा तीच पोरकी पिल्लं शोधायची. ज्याला पिल्लांची खरी काळजी आहे त्याने आईच्या नसबंदीचा दिवस आधी ठरवावा.