पुढचा भाग सरस की नीरस? ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’च्या वाटचालीतून एक शोध

नव्वदच्या दशकात ज्यांनी संगणकाच्या वर्गात पहिले धडे गिरवले, त्यांना काळ्या पडद्यावर ‘प्रिन्स’ हा शब्द टंकून एंटरची कळ दाबल्याचे नक्की आठवत असेल. शिक्षकांची पाठ फिरली की पांढऱ्या कपड्यांतला एक चिमुकला राजपुत्र तुरुंगाच्या दगडी फरशीवर धावू लागे. अर्धा वर्ग त्या एका संगणकाभोवती गोळा होई. आज ती पिढी चाळिशी ओलांडून गेली आहे. तिची मुले मोबाईलवर आणि कन्सोलवर खेळतात आणि अधूनमधून मागणी करतात, ‘त्या गेमचा पुढचा भाग आला आहे, घेऊन द्या ना!’

मोठ्या कंपनीचा नवा गेम आपल्याकडे चार-पाच हजार रुपयांच्या घरात जातो. त्यामुळे पुढचा भाग पहिल्यापेक्षा सरस असतो की निराश करतो, हा प्रश्न केवळ रसिकांच्या वादापुरता उरत नाही. त्याचे उत्तर शोधायचे तर आपल्या ओळखीच्या त्या राजपुत्राचीच वाटचाल पाहणे सोयीचे ठरेल. सुधारणा आणि अपेक्षाभंग ही दोन्ही टोके या एकाच मालिकेत सापडतात.

टंचाईतून जन्मलेला राजपुत्र

‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ हा गेम १९८९ साली अमेरिकेतील ब्रॉडरबंड कंपनीने अ‍ॅपल टू या संगणकासाठी प्रसिद्ध केला. तो घडवणारा जॉर्डन मेक्नर हा त्या वेळी पंचविशीतला तरुण होता. येल विद्यापीठात शिकत असतानाच त्याने ‘कराटेका’ नावाचा गेम लिहून नाव कमावले होते. राजपुत्राची हालचाल खरी वाटावी म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून धावायला, उड्या मारायला लावले, त्याचे चित्रीकरण केले आणि एकेका चौकटीवरून संगणकावर चित्रे उतरवली. तलवारीच्या झुंजीसाठी १९३८ सालच्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’ या चित्रपटातील द्वंद्व त्याने नमुन्यादाखल घेतले. संगीत त्याच्या वडिलांनी दिले.

कथा चार ओळींची होती. सुलतान युद्धावर गेला आहे, वजीर जाफरने सत्ता बळकावली आहे. राजकन्येने तासाभरात त्याच्याशी लग्नाला होकार द्यावा, नाहीतर मरणाला सामोरे जावे. खेळणाऱ्यालाही तेवढाच म्हणजे ६० मिनिटांचा अवधी. त्या वेळात तुरुंगातून निघून, सापळे आणि पहारेकरी चुकवत महालापर्यंत पोहोचायचे.

या गेममधले सर्वांत लक्षात राहणारे पात्र मात्र अडचणीतून आले. अ‍ॅपल टूची स्मृती तुटपुंजी होती आणि शत्रूची वेगळी चित्रे साठवायला जागा उरली नव्हती. तेव्हा मेक्नरने राजपुत्राचीच चित्रे किंचित बदलून पडद्यावर उमटवली आणि ‘छायापुरुष’ तयार झाला. आरशातून झेप घेऊन बाहेर पडणारा हा जुळा पुढे राजपुत्राच्या वाटेत आडवा येत राहतो. शेवटी तो तलवार उपसून समोर उभा ठाकतो. त्याच्यावर केलेला प्रत्येक वार आपल्याच अंगावर उमटतो. उपाय एकच, तलवार म्यान करायची. मग दोघे एकमेकांत मिसळून जातात. अक्षरशः एका शब्दाचाही संवाद नसलेला हा प्रसंग अनेकांच्या मनात तीन दशकांनंतरही ताजा आहे.

दुसरा भाग : मोठा, देखणा आणि अधुरा

१९९३ साली ‘द शॅडो अँड द फ्लेम’ हा दुसरा भाग आला. चार वर्षांत संगणक कितीतरी पुढे गेले होते. पहिल्या भागात एका वेळी एकच पहारेकरी अंगावर येई, येथे ते टोळक्याने येऊ लागले. तुरुंगाच्या करड्या भिंतींऐवजी नगराची छपरे, जहाज, बेटावरच्या गुहा आणि भग्न अवशेष दिसू लागले. जाफर राजपुत्राचे रूप घेऊन दरबारात बसतो आणि खरा राजपुत्र भिकाऱ्याच्या वेशात पळत सुटतो, ही कल्पनाही कथेला नवे वळण देणारी होती.

मोजता येईल अशा प्रत्येक बाबतीत हा भाग पहिल्यापेक्षा वरचढ होता. तरीही आजच्या चाळिशीतल्या माणसाला ‘प्रिन्स’ म्हटले की पहिलाच आठवतो. एक कारण कथेच्या शेवटाचे आहे. अखेरच्या दृश्यात एक चेटकीण राजपुत्रावर लांबून नजर ठेवून असलेली दिसते. तिसऱ्या भागात तिचे रहस्य उलगडणार होते, पण तो धागा पुढे कधीच उचलला गेला नाही. दुसरे कारण अधिक खोल आहे. पहिल्या भागात पडद्यावर फार थोडे होते, म्हणून जे होते त्याला वजन होते. एकट्या पहारेकऱ्याशी होणारी झुंज ही एक भेट असे. गर्दी झाल्यावर ती नुसती लढाई उरली.

१९९९ साली त्रिमितीय चित्रांचे वारे वाहू लागले, तेव्हा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया थ्रीडी’ बाजारात आला. मेक्नरचा त्यात केवळ सल्लागार म्हणून सहभाग होता. त्यातली हालचाल अवजड होती आणि समीक्षकांनी त्यावर बरीच टीका केली. ज्या गेमची ओळखच चपळाई होती, त्याचा नायक अडखळू लागला होता.

वाळूची जादू

२००३ साली युबिसॉफ्ट कंपनीच्या माँट्रियल येथील चमूने मेक्नरला सोबत घेऊन ‘द सँड्स ऑफ टाइम’ घडवला. आपल्याला विशेष वाटावे असे त्यात काही आहे. कथेची सुरुवात एका भारतीय महाराजाच्या राजवाड्यावरील स्वारीने होते आणि नायिका फराह ही त्याच महाराजाची कन्या आहे. (पुढे २०२० साली या गेमची नवी आवृत्ती जाहीर झाली, तेव्हा तिचे काम युबिसॉफ्टच्या पुणे आणि मुंबई येथील शाखांकडे सोपवले होते. पहिल्या झलकीतील दृश्यांवर टीका झाली आणि २०२२ साली ते काम माँट्रियलकडे वळवण्यात आले.)

या गेमची मुख्य युक्ती म्हणजे काळ उलटा फिरवणारा खंजीर. उडी चुकून दरीत कोसळलात, तर कळ दाबून काही क्षण मागे जायचे आणि पुन्हा प्रयत्न करायचा. राजपुत्र स्वतःच ही गोष्ट कोणाला तरी सांगतो आहे, अशी रचना आहे. त्यामुळे खेळताना मरण आले की निवेदक राजपुत्र म्हणतो की थांबा, हे असे घडलेच नव्हते. खेळाचा नियम आणि कथेची रीत अशी एकजीव झालेली क्वचितच पाहायला मिळते. उणीव होती ती लढाईत. शत्रूंशी होणाऱ्या झुंजी त्याच त्या वाटत आणि बहुतेक समीक्षकांनी ते नमूद केले.

तक्रारींची यादी आणि तिच्याबाहेरचे काही

अवघ्या वर्षभराच्या अंतराने, २००४ साली, ‘वॉरियर विदिन’ आला. लढाईबद्दलची तक्रार त्याने मनावर घेतली होती. दोन हातांत दोन शस्त्रे, वारांच्या असंख्य जोडण्या, शत्रूचेच हत्यार हिसकावून त्याच्यावर फेकण्याची सोय, असे सारे काही त्यात होते. कथेची मूळ कल्पनाही भक्कम होती. काळाची वाळू मोकळी करणाऱ्याला मरण अटळ आहे आणि ते टाळल्याबद्दल ‘दहाका’ नावाचा काळरक्षक राजपुत्राच्या मागे लागला आहे. मागच्या भागातील कृत्याची किंमत पुढच्या भागात चुकवावी लागणे यापेक्षा चांगला कथासूत्राचा दुवा कोणता असणार?

पण राजपुत्र बदलला होता. विनोदी, थोडा गर्विष्ठ, चुकांतून शिकणारा तो कथेकरी तरुण जाऊन त्याच्या जागी सतत संतापलेला योद्धा आला. त्याचा आवाज देणारा कलाकार बदलला, पार्श्वभूमीला कर्कश रॉक संगीत आले, रक्तपात वाढला. या भागात सहभागी नसलेल्या मेक्नरने त्याची कलात्मक दिशा आणि हिंसा आपल्याला रुचली नसल्याचे नंतर जाहीरपणे सांगितले. अमेरिकेतील वयोमर्यादेच्या मानांकनात पहिला भाग किशोरवयीनांसाठी होता, हा १७ वर्षांवरील प्रेक्षकांसाठी ठरवला गेला. केवळ नाव ओळखीचे म्हणून मुलाला पुढचा भाग आणून देणाऱ्या पालकाची फसगत होते ती नेमकी येथे.

हे का घडले? पुढचा भाग बनवताना हाताशी असते ती तक्रारींची यादी. लढाई रटाळ आहे, कॅमेरा नीट फिरत नाही, असे दोष लोक लिहून कळवतात. मात्र ‘निवेदनाचा सूर सुंदर आहे, त्याला हात लावू नका’ असे कोणी तक्रारपत्रात लिहीत नाही. जे आवडले ते गृहीत धरले जाते आणि जे गृहीत धरले जाते त्याचे रक्षण करायचे राहून जाते. दोष दुरुस्त होतात, गुण हरवतात. २००५ सालच्या ‘द टू थ्रोन्स’मध्ये फराह परतली, राजपुत्राचा जुना आवाजही परतला. हरवलेले काय होते याची ती कबुलीच म्हणावी लागेल.

सुधारणेचे उदाहरण शेजारच्याच घरात

यावरून पुढचा भाग नेहमी घसरतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. चित्रपटाच्या किंवा कादंबरीच्या तुलनेत गेमला येथे एक मोठा लाभ असतो. पहिल्या भागाच्या वेळी चमूचा बराचसा वेळ वाद्य घडवण्यातच जातो. पात्रे चालवणारी, दृश्ये रंगवणारी आज्ञावली मुळापासून लिहावी लागते. दुसऱ्या भागाच्या वेळी वाद्य तयार असते, मग ते वाजवण्याकडे लक्ष देता येते.

याचा उत्तम दाखला याच घराण्यातला आहे. ‘सँड्स ऑफ टाइम’चे सर्जनप्रमुख पॅट्रिस डेसिले यांनी राजपुत्राच्या मालिकेतला पुढचा गेम म्हणून एक कल्पना हाती घेतली होती. तिचे रूप पालटत गेले आणि २००७ साली ‘असॅसिन्स क्रीड’ हा स्वतंत्र गेम जन्मला. बाराव्या शतकातील दमास्कस आणि जेरुसलेम त्यात डोळ्यांचे पारणे फिटेल असे उभे केले होते. पण प्रत्येक मोहिमेपूर्वी तीच हेरगिरी, तेच खिसे कापणे, हे पुन्हा पुन्हा करावे लागे. नायक पाण्यात पडला तर पोहता न आल्याने मरत असे.

दोन वर्षांनी, २००९ साली, दुसरा भाग आला. पंधराव्या शतकातील फ्लॉरेन्स आणि व्हेनिस, सोबतीला लिओनार्दो द विंची आणि एझिओ नावाचा हसरा, जिवंत नायक. मोहिमांत विविधता आली, एझिओला पोहताही येऊ लागले. कालव्यांच्या व्हेनिस नगरीत ते आवश्यकच होते! मुख्य म्हणजे उंच मनोऱ्यावर चढून नगर न्याहाळण्याचा पहिल्या भागातला आनंद जसाच्या तसा राखला गेला. म्हणूनच हा भाग आजही पहिल्यापेक्षा सरस पुढच्या भागाचे ठळक उदाहरण मानला जातो.

पूर्वरंग आणि उत्तररंग

आपल्या कीर्तनपरंपरेत पूर्वरंगात बुवा अभंगाचे निरूपण करतात आणि उत्तररंगात एखादे आख्यान लावतात. आख्यानातली माणसे वेगळी, प्रसंग वेगळे, पण पूर्वरंगात मांडलेले तत्त्व त्यातून उलगडले नाही, तर श्रोता उठताना रिता उठतो. पुढच्या भागाची कसोटीही हीच आहे. त्याने पहिल्याची नक्कल करू नये, पण पहिल्याने जे मांडले ते पुढे न्यावे.

जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या ‘द लॉस्ट क्राउन’मध्ये नायक राजपुत्र नाही. राजपुत्राला सोडवायला निघालेला सार्गोन नावाचा योद्धा आहे. तरीही त्याचे स्वागत झाले, कारण बाजूने दिसणारी ती जुनी चौकट, ती चपळाई, काळाशी चाललेला तो खेळ त्याने नव्याने समजून घेतला होता. पर्शियाच्या या कथेत पात्रांना फारसी बोलताना ऐकण्याची सोयही त्याने दिली.

तेव्हा घरात पुढच्या भागाची मागणी होईल, तेव्हा तीन गोष्टी पाहाव्यात. पहिला भाग घडवणारे लोक दुसऱ्यात आहेत का? दोन भागांमध्ये पुरेसा काळ गेला आहे का? आणि वेष्टनावरची वयोमर्यादा तीच आहे का? शेवटची गोष्ट तर दुकानात उभ्या उभ्याही पाहता येते.

राहता राहिला आपल्या आठवणीतला राजपुत्र. पहिल्या भागाची मूळ आज्ञावली हरवली असे वर्षानुवर्षे मानले जात होते. २०१२ साली मेक्नरच्या वडिलांच्या घरातील कपाटात जुन्या फ्लॉपी सापडल्या आणि त्याने ती आज्ञावली सर्वांसाठी खुली केली. ती कोणीही वाचू शकतो. नवा भाग विकत घेण्यापूर्वी एखाद्या संध्याकाळी मुलांना शेजारी बसवून तो जुना खेळ खेळून पाहावा. छायापुरुष समोर आला की काहीही न बोलता थांबावे. मुलाला आपणहून तलवार म्यान करायचे सुचले, तर त्या चार पडद्यांच्या खेळात काय होते आणि पुढच्या भागांनी काय राखायला हवे होते, ते त्याला न सांगता कळेल.