नंबर लागेपर्यंत

जबलपूर मराठी माणसाला कधी परमुलूख वाटलं नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस हा भाग आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे होता. इंग्रज आले, १८६१ साली मध्य प्रांत झाला, तरी राजधानी नागपूरच राहिली. त्यामुळे वर्ध्याचा माणूस नोकरीसाठी जबलपूरला जायचा तो आपल्याच प्रांतात. माझे आजोबा असेच वर्ध्याहून आले आणि १९४२ साली खमरियाच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत लागले. महायुद्ध चालू होतं, कारखाना नुकताच उभा राहिला होता, माणसं हवी होती.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांच्या सीमा बदलल्या. वर्धा मुंबई राज्यात गेलं, जबलपूर नव्या मध्य प्रदेशात राहिलं. आजोबा क्वार्टरमधून हललेही नव्हते आणि परराज्यातले झाले. त्यांच्या रोजच्या जगण्यात यामुळे काहीही फरक पडला नाही. नोकरी तीच राहिली, शेजारी तेच राहिले. तुम्ही इथे कोणत्या कागदावर राहता, असं त्यांना कुणी विचारलं नाही.

गेल्या पंचवीस वर्षांचा हिशेब मांडायला बसलो की मला त्यांची आठवण येते ती यासाठी. घर सोडून दूर नोकरीला जाणं आमच्या घराण्यात नवं नव्हतं. नवा होता तो कागद.

जबलपूरचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९४७चं. तिथून मी इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन करून बाहेर पडलो तेव्हा वायटूकेची लाट होती. दोन आकडी वर्षं चार आकडी करून देणारी माणसं अमेरिकेला हवी होती, आणि कोबोल शिकवणारे क्लास गल्लोगल्ली निघाले होते. थोडे दिवस पुण्यात काढले. २००० साली मुंबईच्या ब्रीच कँडीला, लिंकन हाउसमधल्या अमेरिकन वकिलातीच्या बाहेरच्या रांगेत उभा राहिलो. अमेरिकन व्हिसासाठी आम्हा मध्य प्रदेशवाल्यांचंही ठिकाण तेव्हा मुंबईच होतं. एच-१बी हा नोकरीचा व्हिसा मिळाला, मी कॅलिफोर्नियात उतरलो. वर्षभरात डॉटकॉमचा फुगा फुटला. बरोबर आलेले अनेकजण कामाविना 'बेंच'वर बसले आणि परत गेले. माझी नोकरी राहिली. त्यात माझ्या हुशारीपेक्षा नशिबाचा भाग मोठा होता, हे मी तेव्हाही मानत होतो आणि आजही मानतो.

एच-१बी तीन वर्षांचा, वाढवून सहा वर्षांचा. त्यानंतर राहायचं तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया सुरू झालेली हवी. कंपनीने माझा लेबर सर्टिफिकेशनचा अर्ज २००३ साली भरला, आणि ती तारीख माझी 'प्रायॉरिटी डेट' झाली. आमच्यातल्या प्रत्येकाला स्वतःची ही तारीख तोंडपाठ असते. नोकरीच्या आधारावरची ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना त्यातली ७ टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत असा कायदा. छोट्याशा देशालाही ७ टक्के आणि भारतालाही ७ टक्के. रांग लांबणार हे ठरलेलंच होतं. त्यात जुने अर्ज निकाली काढायला फिलाडेल्फिया आणि डलास इथे खास केंद्रं उघडली. तिथे आमच्या फायली वर्षानुवर्षं पडून राहिल्या.

या काळात माझ्या कामाचं जे झालं, ते सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. अर्जात माझं काम 'प्रोग्रॅमर अ‍ॅनालिस्ट' असं लिहिलेलं होतं. काम मोठ्या प्रमाणावर बदललं तर अर्ज पुन्हा पहिल्यापासून. म्हणून टीम सांभाळायला मिळत होती तेव्हा मी ती घेतली नाही. दुसऱ्या कंपनीकडून बोलावणं आलं तेव्हा गेलो नाही. ज्या वयात माणूस नवं शिकतो, धडपडतो, त्या वयात मी त्याच डेटाबेसची तीच कामं नीट करत राहिलो. माझ्यासारखे हजारो होते. सिलिकॉन व्हॅलीची हिंमत जगात वाखाणली जाते, पण तिथले कितीतरी इंजिनिअर एका तारखेवर नजर ठेवून जपून पावलं टाकत होते.

माझ्या बायकोने याहून जास्त सोसलं. नागपूरची, मायक्रोबायोलॉजीत एम.एस्सी. केलेली. लग्न होऊन एच-४ या जोडीदाराच्या व्हिसावर आली आणि कायद्याने घरी बसली, कारण एच-४वर नोकरी करता येत नव्हती. रविवारी मराठी शाळेत मुलांना बाराखडी शिकवायची, ते चालायचं, कारण त्याचे पैसे मिळत नव्हते. २००५ साली मुलगी झाली. ती जन्माने अमेरिकन. घरात सगळ्यांत पक्का कागद त्या तान्ह्या पोरीचा होता.

२००६ साली धाकट्या बहिणीचं लग्न जबलपूरला होतं. सहा वर्षं संपली होती, व्हिसा आता वर्षावर्षाने वाढत होता, म्हणजे देशाबाहेर पडलं की दर वेळी नवं स्टॅम्पिंग. मुलाखत मुंबईत दिली, पासपोर्ट तिथेच राहिला, कुरिअरने घरी यायचा होता. सीमांतपूजन चालू होतं तरी मी दर थोड्या वेळाने कुरिअरवाल्याला फोन लावत होतो. आजोबा खुर्चीवर बसून हे बघत होते.

"पासपोर्ट त्यांच्याकडे ठेवून आलास?"

"ठेवावाच लागतो, आजोबा."

"आणि नाही दिला तर?"

उत्तर माझ्याकडे नव्हतं. त्यांच्या पत्र्याच्या पेटीत नोकरीचा म्हणून एकच कागद होता, फॅक्टरीचं नेमणूकपत्र. त्यावर त्यांनी घर केलं, मुलं शिकवली, पेन्शन घेतली.

असा निश्चिंत माणूस आपल्या गावाला काय देतो, हे आमच्या मध्य प्रदेशात पाहायला मिळतं. माधवराव सप्रे मराठी घरातले, जन्म दमोह जिल्ह्यातला. लोकमान्यांचं 'गीतारहस्य' त्यांनी हिंदीत नेलं. १९२० साली जबलपुरातून 'कर्मवीर' हे साप्ताहिक निघालं त्यामागे ते होते. मराठी घरातल्याच मुक्तिबोध बंधूंपैकी शरच्चंद्र मराठीचे कवी झाले, गजानन माधव हिंदीचे. आपण इथलेच आहोत ही खात्री असली की माणूस गावच्या भाषेत लिहितो, गावच्या भांडणांत पडतो, गावासाठी काही उभं करतो. व्हिसावर असताना मी घर घेतलं नाही आणि शेजारच्या शाळेच्या सभेलाही गेलो नाही. उद्या इथे असू की नाही हेच ठाऊक नसेल, तर कुणी कशात जीव गुंतवावा?

२००७चा जून-जुलै मी विसरणार नाही. कोणत्या तारखेपर्यंत नंबर आले हे सांगणाऱ्या सरकारी व्हिसा बुलेटिनमध्ये जुलैसाठी जवळजवळ सगळ्या तारखा एकदम खुल्या झाल्या. लोकांनी धावपळ करून वैद्यकीय तपासण्या केल्या, वकिलांचे पैसे भरले, आणि २ जुलैला सरकारने हे सगळं मागे घेतलं. तेव्हा आपल्या लोकांनी 'लगे रहो मुन्नाभाई'तली गांधीगिरी केली. इमिग्रेशन खात्याच्या संचालकांना शेकडो पुष्पगुच्छ पाठवले. खात्याने ती फुलं लष्करी इस्पितळातल्या जखमी सैनिकांकडे रवाना केली. सॅन होजेत मोर्चा निघाला. शेवटी सरकारने निर्णय फिरवला आणि १७ ऑगस्टपर्यंत अर्ज घेतले. सरकारी दारात आवाज न चढवता मिळवलेला हा विजय मला फार मोलाचा वाटतो. आमचेही अर्ज त्यात गेले. काही महिन्यांनी बायकोच्या हातात काम करण्याचा परवाना आला आणि ती एका प्रयोगशाळेत रुजू झाली. पहिल्या पगारातून तिने स्वतःसाठी मायक्रोबायोलॉजीची नवी पुस्तकं घेतली, कारण मधल्या वर्षांत विषय पुढे निघून गेला होता. इतर एच-४ बायकांना अशा परवान्यासाठी मे २०१५ उजाडावं लागलं, तोही सगळ्यांना नाही.

माझं कार्ड २०१३च्या अखेरीस आलं. दहा वर्षं लागली. माझ्यानंतरच्यांच्या मानाने हे लवकरच म्हणायचं. २०२५च्या सुरुवातीला नोकरीच्या आधारावरच्या दुसऱ्या श्रेणीत भारतीयांपैकी २०१२ साली अर्ज केलेल्यांचे नंबर लागत होते. त्याच वर्षी सप्टेंबरात नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावणारा आदेश निघाला. कार्ड आल्यावर मी काम बदललं, टीम घेतली, घर घेतलं. तरुणपणीच करायला हवं होतं ते सगळं चाळिशीच्या आसपास केलं. अमेरिकेने मला पैसा दिला, उत्तम सहकारी दिले, मुलीला मोकळं शिक्षण दिलं. ते मी मानतो. पण उमेदीची वर्षं रांगेत घालवण्याची किंमत पगाराच्या आकड्यात दिसत नाही, आणि ती माझ्यापेक्षा माझ्या बायकोने जास्त मोजली.

जबलपूरला सुट्टीवर गेलो की कॉलेजातली मुलं भेटतात, जावं की नाही विचारतात. जा, असंच मी सांगतो. फक्त जाण्याआधी नियम स्वतः वाचा, एजंटाच्या तोंडून ऐकू नका. बरोबर येणाऱ्या जोडीदाराला कामाचा परवाना कधी मिळेल हे लग्नाआधी त्या व्यक्तीला स्पष्ट सांगा. आणि ज्यांची मुलं तिकडे रांगेत आहेत त्या आईवडिलांना एक विनंती आहे. दर रविवारी फोनवर "कार्ड आलं का रे?" असं विचारू नका. आलं की ती स्वतःहून, मध्यरात्र असली तरी फोन करतील. तोवर त्यांना विचारा, सध्या काय काम करतोस, नवीन काय शिकतेस.