जखम पायाला, कारण रक्तवाहिनीत

उसाला पाणी पाजताना पायात घुसलेले बुडख्याचे टोक, नव्या चपलेचा चावलेला पट्टा, पावसाळ्यात चिखल्यांनी फुटलेली बोटांची बेचकी. कृष्णा-कोयनेच्या काठी शेती करणाऱ्याला यात दवाखान्यात जाण्यासारखे काही वाटत नाही. हळद लावायची, चिंधी बांधायची आणि कामाला लागायचे. निरोगी पायात अशी जखम भरूनही येते. पण जुना मधुमेह असेल किंवा विडी सुटलेली नसेल, तर पाय गमावण्याची सुरुवात याच जखमेपासून होऊ शकते.

जखम भरायला रक्त लागते. तंबाखू, वाढलेली साखर, रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांमुळे पायाच्या धमन्या आतून अरुंद होतात. पहिली खूण चालताना दिसते. ठरावीक अंतर गेल्यावर पोटरीत गोळा येतो, थांबले की जातो. ‘वय झाले’ म्हणून ती अंगावर काढली जाते. पुढे रात्री झोपेत पाऊल ठणकते आणि पलंगाखाली लोंबकळत ठेवल्यावर बरे वाटते. त्यानंतर बोट काळे पडते. मधुमेहात नसाही बधिर होत असल्याने अनेकांना यातली एकही सूचना मिळत नाही. दुखत नाही म्हणून जखम किरकोळ समजली जाते आणि तोवर जंतुसंसर्ग हाडापर्यंत पोचतो.

रक्तपुरवठा, बधिरपणा आणि संसर्ग ही तीन दुखणी एकाच पावलात असल्याने एकट्या डॉक्टरचे हात पुरे पडत नाहीत. रक्तवाहिनीचे तज्ज्ञ अडथळा शोधून फुग्याने किंवा बायपासने रक्ताची वाट मोकळी करतात. शल्यचिकित्सक सडलेला भाग काढतात, फिजिशियन साखर आणि प्रतिजैविके सांभाळतात, परिचारिका पट्टी बदलतात. पादत्राणे बनवणारा कारागीर जखमेवरचा भार हलवतो. यात क्रमालाही महत्त्व आहे. वाट मोकळी करण्याआधीच काळे बोट कापले, तर ती नवी जखमही भरत नाही. मग पाऊल आणि त्यानंतर गुडघ्याखालचा पाय जातो. संसर्ग वेगाने चढत असेल, तर मात्र पू आधी काढावाच लागतो. काय आधी करायचे, हे सर्वांनी मिळून ठरवायचे असते.

लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात 1981 मध्ये सर्व तज्ज्ञ एका ठिकाणी असलेले पायाचे क्लिनिक सुरू झाले. पुढच्या काही वर्षांत तिथे मोठ्या शस्त्रक्रियेने पाय कापण्याचे प्रमाण जवळपास निम्म्यावर आले. 1989 मध्ये युरोपातील देशांनी सेंट व्हिन्सेंट जाहीरनाम्यात हेच उद्दिष्ट ठेवले. मधुमेहींची संख्या 10 कोटींच्या पुढे गेलेल्या भारतात ही गरज त्याहून मोठी आहे. बधिर पाऊल कसे जपावे, याचा धडा मात्र आपल्याकडेच तयार झाला. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना डॉ. पॉल ब्रँड यांनी मऊ रबराच्या चपलांचा वापर रुजवला.

कराड परिसरात या साखळीच्या कड्या आहेत. गावात आशा सेविका तिशीपुढच्यांची माहिती भरून घेतात, प्राथमिक आरोग्य केंद्रात साखर तपासली जाते, शहरात वेणूताई चव्हाण उपजिल्हा रुग्णालय आहे आणि महामार्गालगत मलकापूरला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय. रुग्ण या कड्यांमधून वेळेत पुढे सरकतो का, यावर पाय ठरतो. त्यासाठी पहिल्याच पायरीवर पावलाची नाडी हाताने तपासली गेली पाहिजे. घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढता येते. ते 0.9 किंवा त्याहून कमी आले, तर पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचे समजतात. मधुमेहात धमन्या कडक झाल्या की हा आकडा फसवा निघतो. अशा वेळी अंगठ्याचा दाब मोजतात किंवा डॉपलर करतात.

सर्वांत अवघड औषध म्हणजे विश्रांती. हंगाम सुरू असताना ‘पायावर भार देऊ नका’ हा सल्ला हातावर पोट असलेल्याला परवडत नाही. म्हणून घरच्यांनाही या पथकात धरावे लागते. जखमेच्या काळात रानातले काम दुसऱ्याने उचलणे हाही उपचारच आहे. विडी, तंबाखू आणि मशेरी सोडल्याशिवाय मोकळी केलेली धमनी टिकणे कठीण.

मधुमेहींनी रोज रात्री तळवे आणि बेचक्या पाहाव्यात. वाकता येत नसेल तर आरसा धरावा. भोवरी ब्लेडने कापू नये, बधिर पाय गरम पाण्याने शेकू नये, देवळाच्या तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये. जखम असताना पाऊल लाल झाले, सुजले किंवा ताप आला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. पाय अचानक थंड आणि पांढरा पडून असह्य दुखू लागला, तर पहिले 6 तास मोलाचे असतात. त्यात सकाळची वाट पाहायची नसते. आणि साखर दाखवायला गेल्यावर, कुणी सांगण्याआधीच, चपला काढून पाय डॉक्टरांपुढे करावेत.