रिकामा संगणक व्यग्र का दिसतो?

शाळेतील जुना संगणक सुरू केला, कोणतेही काम उघडले नाही, तरी पंख्याची घरघर थांबत नाही व पडद्यावरील बाण अडखळत चालतो, असा अनुभव पुष्कळ शिक्षकांस येतो. 'यंत्र म्हातारे झाले' असे म्हणून ते निर्लेखनाच्या यादीत घालण्याकडे मग मनाचा कल होतो. परंतु वर्गात गलबला झाला म्हणून चौकशीवाचून सर्व वर्गास शिक्षा करणे जसे अनुचित, तसाच हा निवाडाही घाईचा होय.

प्रोसेसर हा संगणकातील आज्ञा पार पाडणारा भाग. पुढ्यात काम नसता त्याचा वापर थोडाच असावयास हवा. तो कोण वापरीत आहे, हे संगणकच सांगतो. विंडोज १० मध्ये कंट्रोल, शिफ्ट व एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्या, म्हणजे टास्क मॅनेजर उघडतो. यादी त्रोटक दिसल्यास 'मोअर डिटेल्स' निवडावे. 'सीपीयू' या रकान्याच्या मथळ्यावर टिचकी मारली की सर्वांत अधिक वापर करणारे नाव वर येते. 'डिटेल्स' या पानावर 'सिस्टिम आयडल प्रोसेस' यापुढे ९५ दिसल्यास मात्र भिऊ नये. तो आकडा कामाचा नसून प्रोसेसरच्या विश्रांतीचा आहे.

बहुधा वर येणारी नावे विंडोज अपडेट, 'अँटीमालवेअर सर्व्हिस एक्झिक्यूटेबल' किंवा 'सर्च इंडेक्सर' यांची असतात. ही कामे निरुपयोगी नव्हेत. दिवाळीच्या सुटीत संगणक बंद राहिला, तर सुधारणा उतरविणे, विषाणू तपासणे व फाइलींची सूची करणे हे सारे साचलेले काम तो सुरू होताच हाती घेतो. महिन्यातून एकदाच उघडला जाणारा संगणक म्हणूनच प्रत्येक वेळी मंद भासतो. यास उपाय सोपा आहे. आठवड्यातून एकदा, मुलांचा तास नसेल अशा वेळी, तो इंटरनेटला जोडून दोन-तीन तास चालू ठेवावा. ही कामे बळेच बंद करू नयेत.

त्यानंतरही वापर उतरला नाही, तर पुढील क्रमाने पाहावे. ब्राउझर बंद करूनही यादीत उरला असल्यास तो तेथून थांबवावा. 'स्टार्टअप' या पानावरील अनावश्यक कार्यक्रम बंद करावेत. 'सिस्टिम इंटरप्ट्स' सतत वर राहिल्यास प्रिंटर, वेबकॅम आदी जोडलेली उपकरणे एकेक काढून पाहावीत; दोष बहुधा उपकरणात वा त्याच्या ड्रायव्हरमध्ये सापडतो. अनोळखी नाव दिसल्यास विषाणूंची पूर्ण तपासणी करावी. शेवटी वीज तोडून पेटी उघडावी व पंख्यावरील धूळ मऊ ब्रशने झाडावी. प्रोसेसर तापला की आपला वेग आपणच कमी करतो, आणि मग थोडेसे कामही त्यास जड जाते.

विंडोज १० चा सर्वसाधारण आधारकाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्यामुळे अशा यंत्राचा प्रश्न कधीतरी येणारच. पण तो निर्णय तपासणीनंतरचा असावा. पाहिलेली नावे व आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत, म्हणजे दुरुस्ती करणाऱ्यासही दिशा मिळते. ज्या शाळेत एकच संगणक आहे, तेथे तो अकारण मोडीत निघाल्यास मुलांची आठवड्यातून एकदा येणारी पाळीही बुडते, हे ध्यानी असावे.